तुरटीचा हिरा

जगातला सगळ्यात मोठा हिरा आमच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीमागे, जुन्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे. तो तुरटीचा होता आणि माझ्या पत्नीने तो घडवला होता.

खरा हिरा, कलिनन नावाचा, दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळच्या खाणीत १९०५ साली सापडला. वजन तीन हजारांहून जास्त कॅरट, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या थोडं वर. मोठ्या माणसाच्या मुठीत मावणार नाही एवढा. पत्नी भूगोलाची शिक्षिका होती. आफ्रिका खंड शिकवताना मुलं जांभया देतात म्हणून तिने एका वर्षी वर्गात तुरटीचा खडा नेला आणि टेबलावर ठेवला. मुलं जागी झाली. तेव्हापासून तो खडा तिच्याबरोबर राहिला. म्हणजे खडा बदलत राहिला, हिरा तोच.

तिची पद्धत अशी होती. वाशीच्या घाऊक बाजारातून तुरटीचा मोठा खडा आणायचा, पुस्तकातलं चित्र डब्याला टेकवून उभं करायचं आणि ओल्या फडक्याने खडा घासत बसायचं. बोथट सुरी फक्त कोपऱ्यांना लागे. बाकीचं काम पाणी करतं, आपण जागा दाखवायची, असं ती म्हणायची. आकार खऱ्याएवढा होई, वजन मात्र निम्मंच भरे, कारण हिरा तुरटीच्या दुप्पट जड असतो. लोकांच्या हातात देताना ती सांगायची, “यात अजून एवढंच वजन मनाने घाला.” मग माणसं खरोखरच हात थोडा खाली करत.

निवृत्त झाल्यावर ती हे भाषण आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात करू लागली. संघाचा वार्षिक मेळावा थंडीत असतो. एकदा केलं, मग दर वर्षी तेच करा असा आग्रह झाला. लोकांना ते पाठ झालं होतं आणि पाठ झाल्यामुळेच हवं होतं, कीर्तनासारखं. दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या मोठ्या हिऱ्यापाशी ती सुरुवात करायची. तो एका मेंढपाळाला सापडला आणि त्याच्या बदल्यात त्याला पाचशे मेंढ्या, दहा बैल आणि एक घोडा मिळाला. इथे संघाचे चिटणीस, जे बँकेतून निवृत्त झालेले आहेत, ते न चुकता म्हणत की आज एवढ्यात नेरुळमध्ये गॅलरीसुद्धा येणार नाही. सगळे हसत. मग कलिनन. खाणीचा अधिकारी संध्याकाळची फेरी मारत होता, भिंतीत काहीतरी चमकलं, त्याला वाटलं कुणीतरी गंमत म्हणून काचेचा तुकडा खोचून ठेवलाय. लंडनला पाठवताना पहारेकऱ्यांसकट बोटीवर नेला तो खोटा, आणि खरा गेला साध्या टपालाने. पुढे तो राजाला भेट दिला गेला आणि ॲमस्टरडॅममध्ये फोडला गेला. पहिल्या घावाला हिरा तसाच राहिला, पातं तुटलं.

एवढं झाल्यावर ती तुरटीचा खडा उलटा करायची. त्याची एक बाजू सपाट होती, कापल्यासारखी. कलिननलाही अशी बाजू होती. जाणकारांनी तेव्हाच म्हटलं होतं की हा एका मोठ्या हिऱ्याचा तुकडा असावा, उरलेला भाग कुठेतरी असला पाहिजे. तो कधीच सापडला नाही. तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं: “दुसरा तुकडा अजून जमिनीत आहे.” ती खाली बसायची, मग टाळ्या.

मी मागच्या रांगेत, खिडकीपाशी बसायचो. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. चार लोकांसमोर उभं राहून बोलण्याचा प्रसंग आला नाही, आला तेव्हा मी टाळला. घरातही बोलणं तिच्याकडे आणि ऐकणं माझ्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली होती. खडा लोकांमधून फिरून आला की तो पुसून फडक्यात बांधायचा, एवढं माझं काम. एका वर्षी पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तो चाटून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. ती म्हणाली, “खरा असता तर चव लागली नसती.” हाताळण्याने, घामाने आणि दर वेळी ओल्या फडक्याने चकाकी आणण्याने खडा झिजत जाई. फार लहान झाला की ती नवा करी.

ती वैशाखात गेली. आजार थोड्या दिवसांचा होता. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

आम्हाला मूल नाही. सगळे विधी मीच केले. साताऱ्याहून माझी थोरली बहीण आली आणि तिने घर ताब्यात घेतलं, ते बरं झालं. दहाव्याला आम्ही दिवाळे गावात खाडीकाठी गेलो. बहीण, तिचे यजमान, गुरुजी, संघाचे चिटणीस आणि इमारतीतले चार-पाच जण. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. पलीकडे पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील दोऱ्यांवर वाळत होते, आणि खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला होता. गुरुजींनी पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो.

कावळे पुष्कळ होते. पण ते सगळे बोंबलाच्या बाजूला. एक जण आमच्याकडे आला, भात बघितला आणि परत गेला. चिटणीस हळूच म्हणाले की इथल्या कावळ्यांना सुकटीची सवय, भात कोण खातो. मला तेव्हाही ते पटलं होतं. पण ऊन चढत गेलं आणि पिंडाला कोणी शिवेना, तेव्हा पटण्याचा काही उपयोग होईना. गेलेल्या माणसाचं काही राहिलं असेल तर ते पुरं करू असं कबूल करायचं असतं. बहीण पुढे झाली. हात जोडून म्हणाली, याच्या जेवणाखाण्याची काळजी करू नकोस, मी बघेन. कावळा आला नाही. तिचे यजमान म्हणाले, घर आहे तसंच ठेवू. नाही आला. गुरुजींनी पिशवीत हात घातला. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा करून शिववतात, त्याची ती तयारी होती.

तिचं काय राहिलं असेल, हे मला ठाऊक असायला हवं होतं. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवेना. मग जे तोंडात आलं ते बोललो.

“तुझं भाषण मी करीन.”

मी ते हळू म्हणालो, पण तिथे सगळं शांत होतं, त्यामुळे सर्वांना ऐकू गेलं. थोड्या वेळाने एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पिंडापाशी आला आणि त्याने भाताला चोच लावली. बहिणीने डोळ्यांना पदर लावला. चिटणीस माझ्याकडे बघत राहिले. कोळणींनी तेव्हा जवळ्यावर दुसरं जाळं पसरलं होतं, ते मला नंतर आठवलं. त्याचा आणि कावळ्याचा संबंध असेल. तरी शब्द दिला तो दिलाच.

हिऱ्याचं पुढे जे झालं ते तेराव्याच्या आदल्या दिवशी झालं. पाणी बंद होतं, सोसायटीने टँकर मागवला होता, आणि पिंपात जे आलं ते चहाच्या रंगाचं होतं. घरात माणसं, दुसऱ्या दिवशी जेवण. बहिणीने मिठाच्या बरणीमागे हात घातला. तिला फडक्यात तुरटी मिळाली आणि एवढी मोठी ठेवल्याबद्दल तिने माझ्या पत्नीचं कौतुकही केलं. मी आत गेलो तेव्हा ती पिंपावर वाकून गरागरा हात फिरवत होती. एका पिंपाचं झालं होतं, दुसऱ्याचं चाललं होतं. हातात राहिलं होतं ते साबणाच्या चिपेएवढं.

तिने माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाली, “अरे, तुरटीच ना ही?”

मी हो म्हणालो.

तुरटीच होती ती. तिला काय सांगणार? ती पहाटेपासून उभी होती. गाळ तळाशी बसला, वर स्वच्छ पाणी आलं. तेराव्याला आलेल्या सगळ्यांनी तेच प्यायलं, भातही त्यातच शिजला. मी स्वतः दोन पेले प्यालो. वाढपी पाणी वाढत फिरत होता आणि मी बघत होतो, प्रत्येकाच्या पेल्यात थोडाथोडा कलिनन चालला होता. ही गोष्ट ऐकून ती किती हसली असती. घरात तेवीस-चोवीस माणसं होती, आणि ही गोष्ट ज्याला सांगावी असं एकही नव्हतं.

बहीण पंधरवड्याने गेली. त्यानंतर घर माझ्या वाट्याला आलं.

एकटं राहणं मी वाचलेलं होतं, त्यामुळे मला वाटत होतं की थोडंफार माहीत आहे. ते तसं नसतं. पुस्तकात एकटा माणूस खिडकीतून बाहेर बघत असतो. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असे आणि मध्येच विसरत असे, कारण शिट्ट्या तिने मोजायच्या आणि मी पेपर वाचायचा अशी सवय. दाराची घंटा वाजली की मी उठायला उशीर करायचो. ती उघडेल म्हणून. रविवारी बहीण फोन करायची, जेवलास का विचारायची, मी जेवलो म्हणायचो. बाकीचे दिवस माझा आवाज दूधवाल्यापुरता उरला.

चिटणीसांनी पावसाळ्याआधीच आठवण केली. नंतर दर महिन्याला. भेटले की म्हणत, “सर, टेन्शन नका घेऊ. आम्हाला सगळं येतंच. तुम्ही अडलात तर आम्ही पुढचं सांगू.” मी बघू म्हणायचो. त्यांना वाटे मी सभेला घाबरतो. मी घाबरत होतोच, पण कारण ते नव्हतं. तिच्यासाठी करायचं असं एकच काम जगात उरलं होतं. कपडे देऊन झाले होते, बँकेची कामं, पेन्शनची कामं झाली होती, तिची पुस्तकं शाळेने नेली होती. ते भाषण मी केलं की संपलं. त्यानंतर मी तिचं काहीही देणं लागणार नव्हतो. शब्द पुरा होत नाही तोवर ती कुठेतरी थांबली आहे, असं मला वाटत होतं. हे शिकलेल्या माणसाने कबूल करण्यासारखं नाही, पण वाटत होतं ते असं. म्हणून मी बघू म्हणत राहिलो.

श्रावणात एका सकाळी पेपरच्या आतल्या पानावर बातमी होती. बोत्स्वानातल्या एका खाणीत अडीच हजार कॅरटच्या आसपासचा हिरा सापडला होता. कलिनननंतर एवढा मोठा हिरा कधी निघाला नव्हता, एकशेवीस वर्षांच्या जवळपास काळात. दगड भरडायच्या आधीच क्ष-किरणांच्या यंत्राने तो हेरला, म्हणून अखंड राहिला. छायाचित्रात तिथले राष्ट्राध्यक्ष तो हातात धरून बघत होते.

मी पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तिथे गेल्यावर उभा राहिलो.

याच देशातून काही वर्षांपूर्वी टेनिसच्या चेंडूएवढा एक हिरा निघाला होता. तिथल्या भाषेत त्याचं नाव ‘आमचा प्रकाश’. ती बातमी तिने मला तीनदा वाचून दाखवली होती आणि त्या वर्षी ‘कलिनननंतरचा सगळ्यात मोठा’ म्हणून भाषणात घातली होती. आता त्याच्या दुपटीहून मोठा निघाला आणि तिला ते माहीत नव्हतं. तिला माहीत नसलेली मोठी गोष्ट मला माहीत झाली, असं आमच्यात पहिल्यांदा घडलं होतं. तिचं भाषण जुनं झालं होतं. लोकांच्या तोंडी यापुढेही तेच राहील, चिटणीस मेंढ्यांवर तोच विनोद करतील, आणि ते भाषण चुकीचं असेल. हे मला सहन होईना. चुकीची माहिती तिच्या नावावर राहायला नको. मी त्याच दिवशी चिटणीसांना फोन करून हो म्हटलं.

मग खडा आणायचा होता. वाशीच्या मसाला बाजारात मी तिच्याबरोबर गेलो होतो, पण पिशवी धरून. कुठल्या गल्लीत वळायचं ते लक्षात नव्हतं. हळदीने नाक झोंबत होतं, हमाल “बाजू, बाजू” करत होते. तुरटी विकणाऱ्याने फोडलेले खडे दाखवले. मी मोठा मागितला, अजून मोठा मागितला. त्याने विचारलं, किती माणसांचं घर आहे? मी पाण्यासाठी नको म्हणालो. मग दाढीला एवढी? मी हो म्हणून टाकलं. त्याने आतून एक ढेकूळ आणलं, त्याची एक बाजू आपोआपच सपाट फुटली होती. ते मी घेतलं.

घरी चित्र डब्याला टेकवलं आणि ओलं फडकं घेतलं. दोन दिवस काही जमेना. मी जोर करत होतो, त्यामुळे कड तुटत होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं की फडकं फिरवायचं आणि थांबायचं, तुरटी थोडी वाळू द्यायची, मग बघायचं. ती अधूनमधून उठून दुसरी कामं का करायची ते तेव्हा समजलं. बोटांच्या टोकांची कातडी आक्रसून कोरडी पडली. तिची बोटं हिवाळ्यात तशी असायची, मला वाटायचं थंडीने. खडा ओबडधोबड झाला, तिच्यासारखा झाला नाही. पण हिराही ओबडधोबडच होता.

तिने भाषणाचं एक अक्षर लिहून ठेवलेलं नव्हतं. मला ते ऐकून ऐकून येत होतं, तरी मी तपासून घ्यायचं ठरवलं. जुन्या ओळखीने ग्रंथालयात जाऊन बसायला लागलो. दुपारी तिथे वाचनकक्षात स्पर्धा परीक्षांची मुलं असतात, त्यांच्यामध्ये मी. तिचं बहुतेक सगळं बरोबर निघालं, आणि त्याचा मला उगीचच अभिमान वाटला. वाचता वाचता एक गोष्ट मिळाली, जी तिने कधी सांगितली नव्हती. तिला ती माहीत नसावी, नाहीतर तिने सोडली नसती.

लेसोथो हा चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ देश. तिथे उंचावर एका खाणीच्या जागी लोक आपापल्या तुकड्यात खडी धुऊन हिरे शोधत. १९६७ साली एका बाईला सहाशे कॅरटचा तपकिरी हिरा सापडला. तिने आवाज केला नाही. आजूबाजूला माणसं होती, रस्ता डोंगरातला, भरवसा कोणाचा धरावा? तिने तो लपवला, नवऱ्याला सांगितलं, आणि दोघं राजधानीकडे चालत निघाली. चार दिवस चालत होती, असं सांगतात. पुढे तो विकला गेला, त्याचे तुकडे पाडले गेले, दागिने झाले. पुस्तकांना इथून पुढे तुकड्यांची वजनंच सांगायची असतात.

मी ते पान बरेच दिवस उघडून वाचत होतो. हिरा कमरेला बांधून दोघं डोंगर उतरतायत. रात्री कुठे झोपली असतील, झोपली तर कोण जागं राहिलं असेल.

मेळावा नेहमीप्रमाणे सारसोळे गावात, देवळाशेजारच्या समाजमंदिरात होता. दाराबाहेरच कोळणी मासे घेऊन बसतात. त्यातल्या एका वयस्कर बाईंकडून पत्नी मासळी घ्यायची. भाषणाला आत जाताना पिशवी त्यांच्याकडे द्यायची आणि येताना भरलेली घ्यायची. मी त्यांना ओळखत होतो, बोललो कधी नव्हतो. त्या दिवशी माझ्या हातात फडक्यातला खडा बघून त्या म्हणाल्या, “आज टीचरबाय नाय, तुमी?” मी मान हलवली. बाजार संपत आला होता. त्या टोपली झाकून दाराच्या उंबऱ्याशी येऊन बसल्या.

मी उभा राहिलो. माईकमधून माझाच श्वास ऐकू येत होता. तिच्यासारखं बोलायला जमणार नाही, असं पहिल्यांदा सांगितलं. मग मेंढ्या आल्या, चिटणीस गॅलरीचं बोलले, लोक हसले आणि मला जरा बरं वाटलं. कलिननपाशी आल्यावर खडा पहिल्या रांगेत दिला. माणसं तो घेऊन हात आपोआप खाली करत होती. मी वजनाचं सांगायचं विसरलो होतो, त्यांना ते आठवत होतं.

शेवटचं वाक्य मी म्हणणार नव्हतो. ते तिचं होतं, आणि माझ्याच्याने तोंडातून निघालं नसतं. बोटीचं सांगितलं, टपालाचं सांगितलं, पातं तुटल्याचं सांगितलं आणि सरळ बोत्स्वानाकडे निघालो. चिटणीसांनी हात वर केला. त्यांना वाटलं मी अडलो.

“सर, दुसरा तुकडा राहिला.”

सभागृह माझ्याकडे बघत होतं. वाईट हेतू कोणाचाच नव्हता.

“तो सापडला नाही,” मी म्हणालो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी पाणी प्यालो आणि पुढे बोलू लागलो. बोत्स्वानाची बातमी सांगितली, ती पुष्कळांनी वाचलेली नव्हती. मग लेसोथोच्या बाईची गोष्ट सांगितली. ही त्यांना पाठ नव्हती, त्यामुळे कोणी पुढचं बोललं नाही. मी जिथे थांबलो तिथे ते थांबले. हिऱ्याचे तुकडे झाले इथपर्यंत येऊन मी संपलं म्हणालो.

उंबऱ्यावरून आवाज आला.

“मंग ती बाय घरा कशी गेली?”

मला नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, “मागारी कशी गेली ती? चालतच?”

मला माहीत नव्हतं. बघून सांगतो म्हणालो. मग आभार झाले, चहा झाला. खडा माझ्याकडे परत आला तेव्हा हातांच्या उबेने गुळगुळीत झाला होता. मी तो पुसून फडक्यात बांधला.

घरी आलो आणि मला भीती होती तेच झालं. शब्द पुरा झाला होता. दिवा लावला, खुर्चीत बसलो. भाषण कसं झालं हे सांगायला तोंड उघडलं असेल किंवा नसेल. फ्रिज चालू होता, त्याचा आवाज होता. ती थांबलेली आहे असं जे वाटत होतं, ते वाटेना. मी वाट बघितली, तरी वाटेना.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधू लागलो. दुसरं काही करायला नव्हतं. आधी ग्रंथालयातलं सगळं पाहिलं, मग संगणकावर. हिरा कोणी घेतला, कुठे फोडला, किती तुकडे झाले, कोणता तुकडा कोणाच्या बोटात गेला, हे सगळं मिळतं. जाताना चार दिवस लागले हे मिळतं. परत कशी गेली हे मी पाहिलं तिथे कुठेच नाही. मोटारीने गेली असेल, पैसे मिळाले होते. चालत गेली असेल, सवयीने. नवरा बरोबर होता का, तेही परतीच्या बाबतीत कोणी लिहिलेलं नाही.

काही दिवसांनी मी सारसोळ्याला हे सांगायला गेलो. सकाळचा बाजार भरात होता. बाईंनी मला पाहिलं आणि एका गिऱ्हाइकाला जरा सरकायला सांगितलं. मी म्हणालो की मी पुष्कळ शोधलं, पण ती बाई परत कशी गेली ते कुठे लिहिलेलं नाही. त्या हातातल्या कोयत्याने मासा साफ करत ऐकत होत्या. नाही लिहिलं तर नाही, असं काहीसं म्हणाल्या, आणि त्यांना आता त्यात फारसा रस नव्हता. मी वळणार तेवढ्यात म्हणाल्या, “मांदेली हाय चांगली. एकल्याला किती घालू?”

एका माणसाला मांदेली किती लागते हे मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हणालो, तुम्हीच ठरवा. त्यांनी एक मूठ घातली, माझ्याकडे पाहिलं, आणि थोडी काढून घेतली. मग विचारलं, करता येते का? नाही म्हटल्यावर त्यांनी शेजारणीकडे बघून काहीतरी म्हटलं, दोघी हसल्या, आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. डोकी काढून दिली आहेत, धुऊन हळद-मीठ लाव. लसूण ठेचून तेलात घाल, सालीसकट. मसाला, कोकम, पाणी अगदी थोडं. “आनि हालवू नको. भुगा व्हईल.”

लिहून घ्यायला माझ्याकडे काही नव्हतं. वाटेत विसरू नये म्हणून मी ते म्हणत चाललो. हळद, मीठ, लसूण सालीसकट. तलावाच्या कडेने म्हणत गेलो, सोसायटीच्या फाटकातून म्हणत आत आलो. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि काळजीने विचारलं, “काका, कोणाशी बोलताय?”

“कोणाशी नाही,” मी म्हणालो.